डॉडच्या बटऱ्या बंद

मॅकडफ,
९ सप्टेंबर १९८४

प्रिय नेटा,

त्या दिवशी फोनवर मी नुसतीच रडले, तुला धड काही सांगितलं नाही. म्हणून आता सविस्तर लिहिते. तुझा धाकटा भाऊ इस्पितळातून घरी आला आहे. हिंडतो-फिरतो, जेवतो, माझ्यावर खेकसतो. म्हणजे बरा आहे असं समजायचं.

डॉक्टर इम्रींनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, हृदयाचा एक कोपरा गेला तो गेला, आता उरलेल्यावर भागवायचं. सिगारेट बंद, मीठ कमी, रोज चालायचं. मग विचारलं, "सकाळी न्याहारीला काय घेता?"

डॉड म्हणाला, "बटरी."

"किती?"

"दोन." आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "चार. वरून लोणी."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मिस्टर लव्ही, तो पाव नाही. तो डुकराच्या चरबीचा गोळा आहे, पीठ त्यात नावाला असतं."

"डॉक्टर, तुम्ही एडिंबराचे का?"

"हो. का?"

"तरीच," म्हणाला तुझा भाऊ.

तेव्हापासून बटरी बंद. मी स्वतः पिरींच्या बेकरीत जाऊन शार्लटला बजावून आले, डॉडने मागितली तर द्यायची नाही. माझ्या मागे ही एवढी रांग उभी होती, त्यामुळे दुपारपर्यंत गावभर झालं. डॉड दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "उभा जन्म बोट चालवली, वादळं काढली, आणि आता मी काय खायचं ते शार्लट पिरी ठरवणार." रोज ओटची लापशी देते. ती तो चमच्याने उचलून परत ताटलीत सोडतो. म्हणतो, ही आधी मिळाली असती तर बोटीच्या फटी बुजवल्या असत्या.

पण नेटा, माझा जीव टांगणीला लागलाय तो वेगळ्याच गोष्टीने. रोज नऊ वाजता हा काखेत वर्तमानपत्र मारून निघतो, पूल ओलांडून पलीकडे बॅन्फला जातो म्हणतो. बॅन्फला काय बेकऱ्या नाहीत? तिथल्यांना मी कुठे सांगत फिरू? काल त्याच्या कोटाच्या खिशात कण सापडले. पावाचे की तंबाखूचे, कळेना. जिभेवर ठेवून पाहिले. खारट होते. पण त्याचं सगळंच खारट असतं.

घरात मी आणतेच, नाही असं नाही. आल्यागेल्यापुढे काय ठेवू? मंगळवारी पाद्रीबाबा येतात. या वेळी चार आणल्या, त्यांनी दोन खाल्ल्या. बाकीच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली माझ्या एप्रनच्या खिशात असते.

तो आरामखुर्चीत डुलकी घेतो तेव्हा मी विणकाम हातात घेऊन समोर बसते आणि त्याच्या स्वेटरकडे बघते. वर जातो, खाली येतो. खाली गेला की वर येईपर्यंत माझा श्वास अडकलेला. टाके किती चुकतात, विचारू नकोस.

तुझी,
विल्मा


डनीडन,
२१ सप्टेंबर १९८४

प्रिय विल्मा,

तुझं पत्र रसेलला वाचून दाखवलं. "तरीच" ऐकून तो हसून हसून बेजार झाला. मीही हसले, मग स्वयंपाकघरात जाऊन थोडी रडले.

तुला ठाऊक आहे, बाबा गेले तेव्हा पंचावन्नचे होते. जाळं ओढता ओढता जरा बसतो म्हणाले, ते बसलेच. डॉड तेव्हा मिसरूडही न फुटलेला, त्याच बोटीवर होता. बाबांना घेऊन बोट धक्क्याला लागली तेव्हा मी वर उभी होते, आणि डॉडने खालून माझ्याकडे बघितलं ते मी रसेलशी लग्न करून इथे जगाच्या टोकाला येऊनही विसरले नाही. आता तो अठ्ठावन्नचा. तेव्हा बाई, डोळ्यात तेल घालून पाहा. त्याच्या बोलण्यावर जाऊ नकोस. लहानपणी जॅमची अख्खी बरणी फस्त करून, ओठांना जॅम तसाच ठेवून, "मी नाही" म्हणायचा.

बॅन्फला त्याच्या मागोमाग जाऊन बघ ना एकदा.

मला दोष देण्याचा अधिकार नाही, हेही खरं. इथे सगळं मिळतं, पण बटरी म्हटलं की लोक विचारतात, म्हणजे लोणी लावलेला पाव का? काय सांगणार त्यांना! गेल्या महिन्यात मीच करायला घेतल्या. चरबी आणली, पीठ मळलं, घड्या घातल्या, पहाटे उठून भाजल्या. छपरावर घालायच्या कौलांसारख्या झाल्या. रसेलने एक खाल्ली आणि म्हणाला, "यासाठी तुम्ही लोक मरायलाही तयार असता?"

आणि काय गं भावजय, पाद्रीबाबांनी दोन खाल्ल्या. मग कुलपातल्या दोन कुठे गेल्या?

तुझी,
नेटा


मॅकडफ,
५ ऑक्टोबर १९८४

प्रिय नेटा,

तू म्हणालीस तसं केलं. गेले त्याच्या मागे. डोक्याला रुमाल बांधला, चांगलं अंतर ठेवलं. पुलावर असा वारा की मी कठड्याला धरून चालत होते आणि तुझा भाऊ पुढे डोलकाठीसारखा ताठ. बॅन्फच्या बेकरीपुढून गेला. थांबला. मीही थांबले. काचेतून आत बघितलं त्याने, बराच वेळ बघितलं, कुणी शाळकरी पोर बघेल तसं. आणि निघाला. बंदराच्या भिंतीवर जाऊन बसला आणि पेपर उघडला. बस्स. मी एका होडीआड उभी राहून गारठले.

म्हणजे त्या दिवशी तरी खाल्ली नाही. पण मी रोज थोडीच जाऊ शकते?

परत येताना आपला चढ चढवेना. तीनदा भिंतीला धरून उभी राहिले. शेजारची मिसेस वॉट खिडकीतून बघत होती, म्हणून घराचे रंग बघतेय असं दाखवलं. वय झालं, दुसरं काय. पिरींकडे थांबून जरा बसले, मग घरी आले.

घरी आल्यावर भांडण. मी पिरींकडे असतानाच मिसेस वॉटने याला सांगितलेलं, विल्मा तुझ्या मागोमाग बॅन्फला गेली होती म्हणून. डॉड म्हणाला, "विल्मा, मी चोर आहे का?"

मी म्हटलं, "चोर असतास तर बरं होतं. चोर पकडला जातो तरी."

त्याने टोपी काढून खुंटीला लावली आणि बागेत जाऊन उभा राहिला. बागेत सध्या काहीसुद्धा नाही, नुसती माती. मला इतकं वाईट वाटलं.

बाकी मी ठीक. खालचा जबडा ओढल्यासारखा दुखतो, म्हणून दातांच्या डॉक्टरकडे गेले. त्याला काही सापडलं नाही. कपडे वाळत घालताना डावा दंड ठणकतो, मग दोरीला धरून जरा थांबते. ओली चादर काय हलकी असते?

कुलपातल्या दोन शिळ्या झाल्या, टाकल्या.

तुझी,
विल्मा


डनीडन,
१७ ऑक्टोबर १९८४

प्रिय विल्मा,

टाकल्या? मॅकडफमध्ये बटरी शिळी झाली म्हणून कुणी टाकली, असं मी जन्मात ऐकलं नव्हतं! आपले लोक त्या पंधरा-पंधरा दिवस समुद्रावर पुरवून खायचे. असो.

डॉड बेकरीच्या काचेपाशी उभा होता ते दोनदा वाचलं. बिचारा. पण तू पाळत सोडू नकोस. आज काचेबाहेर थांबला, उद्या आत जाईल.

तुझा जबडा, तुझा दंड, सगळं काळजीने. दात आवळून झोपत असशील. माझ्या सासूबाईंना असंच व्हायचं. पेपरमिंटचं गरम पाणी घे, खांद्याला फ्लॅनेल बांध आणि चादरी डॉडकडून पिळून घे. डॉक्टरांनी त्याला व्यायाम सांगितलाय ना?

तुझी,
नेटा


मॅकडफ,
२ नोव्हेंबर १९८४

प्रिय नेटा,

डॉडचं वजन उतरलं. पँटला पट्टा लागतो आता. डॉक्टर इम्री खूश आहेत. म्हणाले, असेच चाला, फक्त मनाला धक्का बसेल असं काही यांच्या कानावर घालू नका. म्हणून मी वर्तमानपत्रसुद्धा आधी वाचून घेते. कुठे बोट बुडाली असली की ते पान चुलीत.

तो सुधारतोय आणि माझी भीती काही उतरत नाही. उलटं कसं गं? तो इस्पितळात होता तेव्हा मी इतकी घाबरले नव्हते. आता दाराची कडी वाजली तरी दचकते. तो फिरायला गेला की मला घरात बसवत नाही. उठते, कपाट पुसते, पुन्हा बसते, काहीतरी तोंडात टाकते, पुन्हा उठते.

गुरुवारी कोळशाच्या खोलीत डॉडला बेकरीची पिशवी सापडली, तेलकट झालेली. हातात धरून माझ्यापुढे आला. मी म्हटलं, मिसेस वॉटची असेल, वाऱ्याने आली. तो म्हणाला, "दाराला कडी असताना?" मग हसला, आणि पिशवी नाकाशी धरून असा वास घेतला की बस्स. मी ती हिसकावून घेतली.

पेपरमिंट घेते आहे. ढेकर येतात, दंड तसाच. आता जबड्याची कळ जिना चढतानाही येते, छातीवर कुणी ओलं पोतं ठेवल्यासारखं होतं, मग पायरीवर बसलं की जातं. डॉडला वाटतं मी जिना पुसायला बसले. जिना इतका स्वच्छ कधी नव्हता.

तुझी,
विल्मा


डनीडन,
११ नोव्हेंबर १९८४

विल्मा,

हे पत्र हातात पडेल तेव्हा जिथे असशील तिथून उठ आणि डॉक्टर इम्रींकडे जा. कोट घाल आणि नीघ. उरलेलं तिथे बसून वाच.

आज रविवार. जेवणं झाल्यावर मी तुझं पत्र मोठ्याने वाचत होते. सून, ग्लेनिस, ताटं पुसत होती. ती इथल्या इस्पितळात हृदयरोग्यांच्या वॉर्डात नर्स आहे, तुला मागे लिहिलं होतं. ती म्हणाली, "नेटा, डॉडच्या दंडातल्या कळा पुन्हा सुरू झाल्यात हे डॉक्टरांना सांगितलंय ना?"

मी म्हटलं, "डॉडच्या नाहीत गं, विल्माच्या."

तिने हातातलं ताट ठेवलं. "परत वाच."

मी परत वाचलं. मग तिने मागची पत्रं मागितली. चढावर तीनदा थांबलीस, ओल्या चादरीने दंड ठणकला, दातांच्या डॉक्टरला काही सापडलं नाही, हे सगळं तिने उभ्यानेच वाचलं, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "हे सगळं तुला लिहून येत होतं आणि तू पेपरमिंट कळवलंस?"

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. आपण दोघी मिळून डॉडच्या हृदयाकडे बघत बसलो. बायकांना हे पुरुषांसारखं येत नाही, ग्लेनिस म्हणते, छाती धरून कोसळायच्या आधी महिनोन् महिने त्या काळजी, वय, दात, ओल्या चादरी असली नावं देत राहतात.

पत्राला वेळ लागेल, म्हणून फोनही करणार आहे. डॉड फिरायला जातो ती वेळ साधते, म्हणजे मोकळेपणी बोलता येईल.

आणि आता खरं सांग. त्या बटऱ्या तू खातेस ना?

नेटा


मॅकडफ,
२३ नोव्हेंबर १९८४

प्रिय नेटा,

फोनवर जे बोलले तेच पुन्हा लिहिते, म्हणजे तू विसरणार नाहीस. डॉडला सांगायचं नाही. तू शब्द दिला आहेस.

तू म्हणतेस डॉक्टरकडे जा. जाईन की. पण इम्री मला ॲबर्डीनला पाठवतील, म्हणजे डॉडला कळणार. धक्का बसायला नको असं त्यांनीच सांगितलंय, आणि याहून मोठा धक्का कोणता? आम्हाला ना मूल ना बाळ. मी आडवी झाले तर त्याला गोळ्या कोण देणार, लापशी कोण करणार? स्वतः तर तो अंडंसुद्धा उकडू शकत नाही. नाताळ होऊ दे, नवीन वर्ष लागू दे. जानेवारीत तपासून येते. तोवर जिना सावकाश चढते.

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देत नाही. मी अठरा वर्षांची नाही, असले प्रश्न मला कुणी विचारायचे नाहीत.

डॉडला काही झालं आणि ते तुझ्या पत्राने झालं, तर नेटा, मी तुझं नाव घेणार नाही पुन्हा.

विल्मा


डनीडन,
३ डिसेंबर १९८४

प्रिय डॉड,

हे शार्लट पिरीच्या पत्त्यावर पाठवते आहे, कारण घरी आलेली सगळी पत्रं विल्मा आधी उघडते. शार्लट तुला बटरी देणार नाही, पण पत्र देईल.

आधी कुठेतरी बस. बसलास?

विल्मा आजारी आहे. तुला झालं तेच तिलाही होऊ घातलंय, असं ग्लेनिसला वाटतं, आणि ती हे रोज बघते. जबड्यात कळ, दंडात कळ, छातीवर ओझं, चढ चढवत नाही. तुझ्यापासून लपवते आहे, कारण तुला धक्का बसून तू मरशील अशी तिला भीती आहे. मला शब्द द्यायला लावला. मी दिला, आणि आज मोडते आहे.

गेले दहा दिवस मी रोज हे पत्र लिहायला घेतलं आणि फाडलं. एकदा तू मरताना दिसतोस, एकदा ती. रसेल म्हणतो, पाठव. ग्लेनिस म्हणते, फोन कर. फोनवर मला हे बोलताच येणार नाही रे, आणि फोन तीच उचलते.

तुला झेपेल की नाही, मला ठाऊक नाही. पण बाबा गेले तेव्हा बोट तूच घरी आणलीस. दुसऱ्या कुणाला जमलं नव्हतं. तेवढ्या एका गोष्टीवर भिस्त ठेवून पत्र टाकते.

ताई,
नेटा


ॲबर्डीन,
१७ डिसेंबर १९८४

प्रिय नेटा,

मला पत्र लिहिता येत नाही हे तुला माहीत आहे. तरी लिहितो. विल्मा जिवंत आहे. ते आधी लिहायला हवं होतं म्हणून लिहिलं.

शुक्रवारी मी बॅन्फहून परतत होतो. शार्लट दुकान टाकून रस्त्यात धावत आली, हाताला पीठ तसंच. पत्र दिलं. मी तिथेच उभ्याने वाचलं. तू बस म्हणाली होतीस ते नंतर वाचलं. शार्लटला विचारलं, विल्मा इथून किती नेते? ती पायाकडे बघायला लागली. म्हणाली, रोज चार, पाद्रीबाबांसाठी म्हणते. पाद्रीबाबांची पाठ धरलीय, ऑक्टोबरपासून ते अंथरुणात आहेत. तिला वाटायचं मीच चोरून मागवतो.

घरी गेलो. विल्मा चुलीपाशी होती. म्हटलं, "कोट घाल."

"कशाला?"

"इम्रीकडे जायचंय."

तिने माझ्या हातातलं पत्र बघितलं, वरचं तिकीट बघितलं, आणि कडाडली. तुला जे जे म्हणाली ते लिहीत नाही. चर्चला जाणारी बाई एवढे शब्द कुठे शिकली, नवल वाटलं. बोलता बोलता थांबली. ओट्याला धरलं, आणि सावकाश खाली बसली. तोंड ओल्या वाळूच्या रंगाचं. मला म्हणते, "डॉड, तू घाबरू नकोस."

मी खिडकी फोडून मिसेस वॉटला हाक मारली. उघडायचं सुचलंच नाही. रुग्णवाहिका येईपर्यंत तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. बाबांचं असंच घेतलं होतं. तेव्हा मदतीला हाक मारायला कुणी नव्हतं, चारी बाजूला पाणी होतं. या वेळी रस्ता होता, शेजारी होते. तेवढंच मनात म्हणत राहिलो, रस्ता आहे, शेजारी आहेत.

सगळे म्हणत होते, धक्का बसला की माझं हृदय थांबेल. नाही थांबलं. चाललं.

डॉक्टर म्हणतात, घरात एकटी असती तर संपलं होतं. आणखी म्हणतात, नळ्या तुंबल्यात, छाती उघडून ऑपरेशन करावं लागेल, जानेवारीत. कुंपणच शेत खात होतं नेटा, आणि मी शेतात उभा असून मला दिसलं नाही.

ती तुझं नाव काढत नाही. मी काढलं तर भिंतीकडे तोंड करते. वाट बघ.

मी बॅन्फला कधी खाल्ली नाही. एकदा खाल्ली. खरं सांगायचं तर दोनदा. तिला सांगू नकोस.

डॉड


डनीडन,
८ जानेवारी १९८५

विल्मा,

डॉड दर रविवारी फोन करतो, तूच बोलत नाहीस. बोलू नकोस. ऑपरेशन झाल्यावर फक्त एक ओळ लिही, शिवी लिहिलीस तरी चालेल. पोस्टमनची मोटार फाटकाशी थांबली की मी हातातलं टाकून धावते. रसेलने सांगून ठेवलंय त्याला, पत्र नसलं तर थांबू नकोस, हळू जाऊ नकोस, सरळ निघून जा.

तुझी,
नेटा


मॅकडफ,
१६ मार्च १९८५

नेटा,

तू शब्द मोडलास. तीन महिने पत्र लिहिलं नाही ते आजारपणामुळे नाही, हात चांगला चालत होता. मुद्दाम लिहिलं नाही. वॉर्डात पडल्या पडल्या मी तुला रोज एक पत्र मनात लिहायची, आणि तुझ्या नशिबाने तिथे कागद नव्हता.

ऑपरेशन झालं. पायाची शीर काढून छातीत बसवली. पुढून मी आता शिवलेल्या पोत्यासारखी दिसते. डॉड म्हणतो, जाळी शिवणाऱ्याने टाके बरे घातलेत. चार पायऱ्या चढते, थांबते, पुन्हा चढते. जबडा दुखत नाही. इतके महिने दुखत होता की आता तिथे काहीतरी हरवल्यासारखं वाटतं.

तू विचारलं होतंस ना. हो, मीच खात होते. पण का, ते ऐक. डॉडची बोट निघायची तेव्हा मी त्याच्या पिशवीत बटऱ्या भरायची आणि एक स्वतःला ठेवायची. बोट बंदराबाहेर पडली की धक्क्यावर उभी राहून खायची, बोट दिसेनाशी होईपर्यंत. भीतीने लोकांची अन्नावरची वासना जाते म्हणतात. माझं उलटं. ते खारट, तुपकट, गरम काहीतरी तोंडात असलं की वाटायचं, अजून काही बिघडलं नाही. मग तो कायमचा घरी आला आणि मला भीती अशी राहिली नाही, बटरी नुसती न्याहारीला पुरायची. आणि एका सकाळी तो याच टेबलावर छाती धरून वाकला. समुद्रावर काही झालं नाही आणि माझ्या स्वयंपाकघरात झालं! तो पूल ओलांडून गेला की मला पुन्हा धक्क्यावर उभं केल्यासारखं व्हायचं. कपाट उघडायची. एकीने भीती जायची नाही, म्हणून दुसरी. त्याच्या तोंडचं काढून घेऊन मी खात होते, हे मला कळत नव्हतं असं समजू नकोस. कळत होतं. चावताना कळायचं.

आता घरात दोघं घाबरट. तो माझ्या गोळ्या मोजतो, मी त्याच्या. जिन्यावर मी थांबले की खालून आवाज येतो, "विल्मा?" मी म्हणते, "पुसतेय." तो म्हणतो, "खोटं बोलू नकोस." मग मी खरं सांगते, दम लागलाय, आणि तो वर येऊन शेजारच्या पायरीवर बसतो. लापशी तोच करतो. बोटीच्या फटी बुजवता येतील अशीच करतो.

गेल्या आठवड्यात इम्रींनी आम्हाला दोघांना एकदमच तपासलं. निघताना डॉडने विचारलं, "डॉक्टर, बटरी जन्मभर बंद?" इम्रींनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "महिन्यातून एक. दोघांत मिळून. आणि मला सांगायला येऊ नका."

आज डॉड पिरींकडे गेला. शार्लटने त्याला दोनदा विचारलं, विल्माला माहीत आहे ना? मग एकच, पिशवीत घालून दिली. घरी आणून गरम केली. चरबी चरचरली, वास सुटला, खोलीभर झाला. लोणी लावायच्या सवयीने डॉडने ती पालथी घातली, सुरीने अर्धी केली, दोन ताटल्यांत ठेवली. लोणी नाही.

आणि कुणीच हात लावेना. तो माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे. मी म्हटलं, "खा की." तो म्हणाला, "आधी तू."

नेटा, मला ऑपरेशनला नेत होते तेव्हा मी इतकी घाबरले नव्हते. एवढ्या गोळ्या झाल्या, नळ्या झाल्या, महिनोन् महिने जिभेवर औषधाशिवाय दुसरी चव नाही. वाटलं, हिची चवच गेली असली तर? नुसता चरबीचा गोळा लागला तर? मग इतके दिवस जीव कशात अडकवला होता?

तोंडात घातली. डॉड माझ्या तोंडाकडे बघत होता, हात मांडीवर.

"काय?" म्हणाला.

"आहे," म्हटलं.

मग त्याने आपली अर्धी उचलली.

तुझी,
विल्मा